गाण्यातलं काय गाळायचं?

चार मिनिटांचा एक अभंग घ्या. गायकाचा आवाज, हार्मोनियम, पखवाज, टाळ आणि सगळ्यांच्या मागे तानपुरा. रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंग झालं, रेकॉर्डिस्टनं शेवटचा हात फिरवला. आता फाइल ‘एक्स्पोर्ट’ करायची, म्हणजे स्टुडिओतल्या बोलीत गाणं ‘बाउन्स’ करायचं, एवढंच उरलं. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते आणि काही सेकंदांत काम संपतं. तिकडे कुणी लक्ष देत नाही; तोवर चहा आलेला असतो.

पण आकडे बघा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर केलेल्या या चार मिनिटांच्या मिक्सची वेव्ह फाइल भरते सुमारे ६९ एमबी. त्याच गाण्याची, सेकंदाला १२८ किलोबिटची एमपीथ्री भरते ३.८४ एमबी. अठरा हिश्श्यांतले सतरा गेले, एक उरला. तरी गायकाची एक तान कमी झालेली नाही, टाळाचा एकही ठोका गळालेला नाही, शेवटच्या ‘विठ्ठल’नंतरची शांतताही जागच्या जागी आहे. मग हे सतरा हिस्से होते कशाचे?

एक्स्पोर्ट करताना हे काम करणाऱ्या एन्कोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचं म्हणणं असं, की यातलं बरंचसं तुमच्याआमच्या कानांनी तसंही घेतलं नसतं. हा दावा धीट आहे आणि बहुतेक वेळा खरा निघतो. त्या काही सेकंदांत गाण्याइतकाच ऐकणाऱ्याचाही हिशेब लागत असतो.

आधी वेव्ह फाइल म्हणजे काय ते पाहू. हवेच्या दाबातला चढउतार सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांची एक संख्या म्हणून लिहून ठेवायचं, डाव्या बाजूसाठी वेगळं, उजव्या बाजूसाठी वेगळं. एवढंच. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादं कंपन संख्यांत पकडायचं तर त्याच्या दुपटीहून अधिक वेगानं मोजावं लागतं. म्हणून ४०,०००च्या थोडं वर कुठंतरी थांबलं तरी चालतं. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला आणि त्यामागचं कारण गमतीदार आहे. सीडी बाजारात आली १९८२ साली, पहिल्यांदा जपानमध्ये. त्याआधीच्या काळात इतक्या संख्या साठवायला सोयीची जागा एकच होती, व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक रेषेवर तीन मोजमापं बसत. अमेरिकी-जपानी पद्धतीत वापरण्याजोग्या २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी चित्रं), युरोपी पद्धतीत २९४ रेषा आणि ५० क्षेत्रं. दोन्ही गुणाकार तीनपट करून पाहा, ४४,१००च येतात. लता मंगेशकरांचं गाणं असो की मोझार्टची सिम्फनी, सीडीवर सगळं सेकंदाला इतक्याच वेळा मोजलं जातं, कारण एके काळी टीव्हीच्या रेषा तितक्या होत्या.

वेव्ह फाइल प्रामाणिक असते आणि थोडी बावळटही. गायक श्वास घ्यायला थांबला तरी ती सेकंदाला तेवढ्याच संख्या लिहिते आणि गजर टिपेला पोहोचला तरी तेवढ्याच. तिला चतुराईनं बांधून लहान करता येतं. फ्लॅक हे स्वरूप तेच करतं. गाण्याचा एक कणही न गमावता फाइल साधारण निम्म्यावर येते, उलगडली की मूळ संख्या जशाच्या तशा परत मिळतात. पण निम्म्याच्या फार खाली ते जात नाही. दहाव्या, अठराव्या हिश्श्यावर यायचं तर काहीतरी फेकावंच लागतं. काय फेकायचं हे ठरवायला कानाकडे वळावं लागलं.

कानातला शंख उलगडून सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरतो. त्यातल्या पडद्यावर, ज्यांच्याकडून मेंदूला खरी बातमी जाते, त्या आतल्या केशपेशी साधारण साडेतीन हजार. किशोरी आमोणकरांची मींड असो की लोकलचा भोंगा, आयुष्यभर ऐकलेलं सगळं एवढ्या पेशींच्या दारातून आत आलेलं असतं. या पडद्यावर प्रत्येक कंपनाची जागा ठरलेली असते. तार आवाज शिरल्या-शिरल्या, तोंडापाशीच उमटतात. खर्ज आवाजांची लाट आख्खा पडदा ओलांडून टोकाला जाऊन उमटते. ही लाट ज्यानं मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकानं पाहिली त्या गेओर्ग फॉन बेकेशीला १९६१चं नोबेल मिळालं.

आता यातून काय निघतं पाहा. खर्जाची लाट आपल्या जागी पोहोचण्याआधी तार आवाजांच्या जागांवरून जाते आणि वाटेत त्यांना हलवून जाते. म्हणून खालचा मोठा आवाज वरच्या हळू आवाजाला सहज झाकतो, उलट मात्र तितकं घडत नाही. पखवाजाच्या धुमेवर, त्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडावर, थाप पडली की त्या क्षणी तिच्या वरच्या पट्ट्यातलं हळुवार बरंच काही नाहीसं होतं. ध्वनी हवेत असतो, कानापर्यंत पोहोचतोही, पण ‘ऐकू’ येत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कुणी आपल्याशी बोलतं तेव्हा नुसते ओठ हलताना दिसतात, तेच हे. फरक इतकाच, की ढोल-ताशा नसतानाही, अगदी शांत बैठकीतही, हे झाकणं अखंड चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

एबरहार्ट त्स्विकर या जर्मन संशोधकानं १९६१ साली ऐकू येणाऱ्या सगळ्या कंपनांचे २४ पट्टे मांडले. एका पट्ट्यातला जोरकस आवाज त्याच पट्ट्यातल्या हळू आवाजांना गिळतो. शंखातल्या पडद्यावर असा एक पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. त्याच्याही आधी, १९३३ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं होतं, की सगळी कंपनं कानाला सारखी प्रिय नसतात. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास कान कमालीचा तीक्ष्ण असतो, कारण अडीच सेंटिमीटरची कानाची नळी तिथंच घुमते. अगदी खाली आणि अगदी वर मात्र तो जवळजवळ बहिरा.

मला सर्वांत नवल वाटतं ते काळाच्या झाकणाचं. मोठ्या आवाजानंतरचा हळू आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत ऐकू येत नाही, हे समजण्यासारखं आहे. कान दमलेला असतो म्हणा. पण मोठ्या आवाजाच्या आधीचा हळू आवाजसुद्धा झाकला जातो! काही मिलिसेकंदांपुरताच, पण जातो. जे अजून घडलेलं नाही ते घडून गेलेल्याला पुसून टाकतं. कारण जोरकस आवाजाची बातमी मेंदूत लवकर पोहोचते आणि मागून येऊन पुढच्याला गाठते. ‘आत्ता’ म्हणून आपण जे ऐकतो ते मेंदूनं थोडं थांबून, थोडं जुळवून दिलेलं असतं.

हे ज्ञान ग्रंथांत होतंच. त्यातून यंत्र घडवायची निकड आली टेलिफोनमुळे. जर्मनीत एर्लांगेन विद्यापीठातले प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना डिजिटल टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायचं होतं. त्या तारेतून सेकंदाला ६४ हजार बिट जात आणि सीडीला हवे होते १४ लाख ११ हजार. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकानं हे अशक्य म्हणून अर्ज परत पाठवला. झाइट्सरनी तो प्रश्न कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला दिला. पुढे एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत त्याच्यासह अनेकांनी वर्षानुवर्षं खपून जे उभं केलं, ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९९३ साली छापलं गेलं. ‘एमपीथ्री’ ही फाइलच्या नावामागची तीन अक्षरं संस्थेत ठरली १४ जुलै १९९५ रोजी.

आता ती सरकणारी पट्टी उघडून आत पाहू. एन्कोडर गाणं ११५२ मोजमापांच्या फ्रेममध्ये कापतो. सीडीच्या वेगानं एक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची, सेकंदाला ३८. प्रत्येक तुकड्यातली कंपनं तो सुटी करतो. आधी ३२ पट्टे, मग प्रत्येकाचे १८, मिळून ५७६ बारीक रेषा. आता हातात ‘या क्षणी हवेचा दाब किती’ ही माहिती नसते, ‘या २६ मिलिसेकंदांत कोणतं कंपन किती’ ही असते. कानाच्या शंखातला पडदाही हेच करतो, म्हणूनच हा द्राविडी प्राणायाम.

हे सुटं करायचं गणित ज्या घराण्यातलं आहे त्याचा मूळपुरुष भारतीय आहे, बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना त्यांना ही कल्पना सुचली, पण १९७२ साली संशोधनासाठी मागितलेला निधी मिळाला नाही, कल्पना फारच सोपी वाटली म्हणून. १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी शोधनिबंध छापला. तुमच्या फोनमधला प्रत्येक जेपेग फोटो त्या गणितावर चालतो. त्याचाच एक सुधारलेला अवतार, प्रिन्सन आणि ब्रॅडली यांनी १९८०च्या दशकात घडवलेला, एमपीथ्रीच्या पोटात आहे.

मग येतो फेकण्याचा भाग आणि इथं लोकांचा एक गैरसमज असतो. एन्कोडर ‘न ऐकू येणारे आवाज’ कात्रीनं कापून टाकतो, असं सांगितलं जातं. काही कापतोही, बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, कमी असेल तर १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सरसकट जातं. पण खरी बचत होते ती आकडे ढोबळ करण्यात. बाजारात भाजीवाली ४७ रुपये ६० पैशांचे ४८ म्हणते आणि कुणी भांडत नाही, तसंच काहीसं. मात्र किती ढोबळ करायचं हे दर पट्ट्यात वेगळं असतं. आकडा ढोबळ केला की चूक शिरते आणि गाण्यातली चूक म्हणजे खरखर. जिथं मोठ्या आवाजाचं झाकण आहे तिथं खरखर कितीही येऊ दे, ती ऐकू येणार नाही. तिथं आकडे बेधडक ढोबळ करायचे, पार शून्यापर्यंत. जिथं कान तीक्ष्ण आणि उघडा आहे तिथं जपून. थोडक्यात, एन्कोडर गाण्यात मुद्दाम गोंगाट मिसळतो आणि तो गाण्याच्याच सावलीत लपवतो.

हिशेब करून पाहा. १२८ किलोबिटच्या एका फ्रेमला मिळतात सुमारे ३,३४४ बिट. त्यात दोन्ही बाजूंच्या मिळून २,३०४ संख्या बसवायच्या, म्हणजे संख्येमागे दीड बिटही नाही, सीडीवर १६ होते. एन्कोडर आकडे ढोबळ करतो, किती बिट लागले ते पाहतो, खरखर झाकणाबाहेर आली का ते तपासतो, आली असेल तर त्या पट्ट्याला थोडं अधिक देतो, बिट संपले तर दुसरीकडून काढतो, पुन्हा मोजतो. एका फ्रेमसाठी ही झटापट अनेक फेऱ्या चालते. गाण्यात शांत जागा आली आणि बिट उरले तर पुढच्या गजबजलेल्या फ्रेमसाठी ते राखून ठेवायचीही सोय आहे.

शेवटी उरलेल्या संख्या लिहिताना वारंवार येणाऱ्यांना छोटी खूण, क्वचित येणाऱ्यांना लांब खूण. ही पद्धत डेव्हिड हफमनची. एमआयटीत त्याच्या प्राध्यापकानं वर्गाला पर्याय दिला होता, परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. निबंधाचा विषय म्हणजे अशा खुणांची सर्वांत आखूड मांडणी शोधणं. हा प्रश्न खुद्द प्राध्यापक फानो यांनाही पुरता सुटलेला नव्हता, हे मुलांना माहीत नव्हतं. हफमननं तो सोडवला आणि १९५२ साली छापला. परीक्षा चुकवायला केलेलं ते काम आज प्रत्येक एमपीथ्रीत आहे. या टप्प्यावर काहीच फेकलं जात नाही.

एवढं करून एर्लांगेनमधलं यंत्र ज्या गाण्यापुढे अडलं ते होतं एका बाईचं, बिनसाथीचं. सुझान व्हेगाच्या १९८७च्या अल्बममधलं ‘टॉम्स डायनर’. ना वाद्य, ना कोरस, एकटा मधला आवाज. ऑर्केस्ट्रा, ड्रम, तुताऱ्या यांत जे खपून जात होतं ते इथं उघडं पडलं, आवाजाभोवती खरखर लागली. कारण मोठं शिकवणारं आहे. आवाज अगदी मधोमध होता, पण एन्कोडर डाव्या-उजव्या बाजू वेगवेगळ्या हाताळत होता. दोन्हीकडच्या चुका वेगळ्या, म्हणून खरखर मधोमध न राहता आजूबाजूला पसरली. आणि दोन कान असलेला माणूस दिशेवरून आवाज वेगळे काढण्यात पटाईत असतो. समोरचा आवाज बाजूच्या खरखरीला झाकू शकला नाही. मग डावी-उजवी बाजू वेगळी न धरता दोन्हींची बेरीज आणि वजाबाकी साठवायचा मार्ग कामी आला, म्हणजे खरखरही गायिकेच्या जागीच बसते. ब्रांडेनबुर्गनं सुधारणा करत हे गाणं शेकडो वेळा ऐकलं. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘जॉइंट स्टिरिओ’ असा जो पर्याय दिसतो तो हाच. नवखे लोक त्याला घाबरतात, स्टिरिओ अर्धा होईल म्हणून. तसं काही होत नाही. तो खुशाल चालू ठेवावा.

आपल्या संगीताची परीक्षा मात्र वेगळ्या ठिकाणी होते. तबल्याचा ‘ना’ घ्या. किनारीवर बोट पडतं आणि काही मिलिसेकंदांत आवाज शून्यातून शिखरावर जातो. एन्कोडरनं आकडे ढोबळ केले की खरखर आख्ख्या फ्रेमभर पसरते, ठोक्याच्या आधीच्या भागातही. म्हणजे ठोका पडण्यापूर्वीच त्याची धूसर चाहूल लागते. काळाचं ते मागे जाणारं झाकण काही मिलिसेकंदांचंच, खरखर त्याहून लांब. पाश्चात्त्य चाचण्यांत यासाठी कास्टानेट नावाची स्पॅनिश चिपळी वापरतात. आपला तबला, ढोलकी, हलगी त्या कामाला तितकीच योग्य. उपाय असा, की ठोका येतोय हे ओळखून एन्कोडरनं त्या जागी फ्रेमचे बारीक तुकडे करायचे, म्हणजे खरखर ठोक्याला चिकटून राहते.

पण मागे तानपुरा वाजतोय! सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुऱ्यावर लिहिताना एका विचित्र गोष्टीकडे लक्ष वेधलं. तार ज्या जागी छेडली तिथं ज्या स्वरांशाचा, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या उपस्वराचा, स्थिर बिंदू असतो तो स्वरांश पुस्तकी नियमानं ऐकू यायला नको, पण तानपुऱ्यात तोही येतो. घोडीची वाकडी पाठ आणि तिच्यावर सरकवलेला दोरा हे त्याचं कारण. मिरजेचे कारागीर जवारी काढताना पिढ्यान्‌पिढ्या याच ठिकाणी जीव ओततात. डझनावारी स्वरांश, प्रत्येक स्वच्छ, स्थिर, रेघेसारखा बारीक. अशा शुद्ध स्वराचं झाकण फार तोकडं असतं. खरखरीसारखा पसरट आवाज दुसऱ्याला छान झाकतो. स्वच्छ स्वर मात्र शेजारची खरखर उघडी पाडतो. म्हणून तानपुरा आणि हार्मोनियमला एन्कोडरनं बारीक रेषा आणि लांब फ्रेम द्यायला हवी. तबल्याला आखूड. एकाच २६ मिलिसेकंदांत दोघं आले की कुणाचं ऐकायचं? बिट मुबलक असतील तर दोघांचं निभतं. १२८वर कुणाला तरी सोसावं लागतं. त्यात टाळ असले तर विचारायलाच नको. टाळांचा झणत्कार वरच्या सगळ्या पट्ट्यांत एकदम पसरतो, प्रत्येक पट्टा बिट मागतो आणि मग टाळ पाण्याखालून वाजल्यासारखे गुळगुळीत, सळसळते होतात. वारीच्या रेकॉर्डिंगच्या जुन्या एमपीथ्री ऐका, हा आवाज लगेच ओळखू येईल.

एका गोष्टीसाठी मानक लिहिणाऱ्यांना दाद द्यायला हवी. त्यांनी फाइल कशी उलगडायची ते काटेकोर ठरवून दिलं, पण ती बनवायची कशी हे मोकळं सोडलं. कानाबद्दलचं ज्ञान वाढेल तसे एन्कोडर सुधारत गेले. १९९८ साली सुरू झालेला ‘लेम’ हा फुकट एन्कोडर हौशी आणि तज्ज्ञ लोकांनी वर्षानुवर्षं ऐकून-ऐकून घासला. त्याची आजची १२८ किलोबिटची फाइल नव्वदीच्या दशकातल्या फाइलहून कितीतरी चांगली वाजते आणि तरी त्या काळच्या प्लेअरवरही चालते.

तर एक्स्पोर्टच्या खिडकीत काय करावं? टाळ-तबला-तानपुरा असेल तर १२८कडे वळू नका. ३२० किलोबिटला चार मिनिटांचा अभंग ९.६ एमबी होतो आणि आज तेवढ्याचं कुणाला ओझं नाही. बिटरेट बदलता ठेवायची सोय असेल तर ती खरी शहाणी, अवघड जागी जास्त, सोप्या जागी कमी. मिक्सच्या २४ बिट फाइलवरून थेट एमपीथ्री बनवा, आधी १६ बिट करायची गरज नाही. एमपीथ्रीला १६ किंवा २४ बिट असं काही नसतंच, आत सगळा स्वरांशांचा हिशेब असतो.

आवाजाच्या शिखराला थोडी जागा सोडा, निदान एक डेसिबल. याचं कारण मला फार आवडतं. काही स्वरांश गेले, काही ढोबळ झाले की उरलेल्यांची बेरीज वेगळी होते आणि ती कधी मूळ शिखराच्याही वर जाते. काढून टाकल्यावर आवाज वाढतो! मूळ मिक्स शून्य डेसिबलला, म्हणजे फाइलच्या कमाल मर्यादेला, टेकलेलं असेल तर एमपीथ्री उलगडताना डोकं छपराला लागतं आणि आवाज फाटतो. आणखी एक, एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. लेमची आणि उलगडणाऱ्याची मिळून ११०५ मोजमापं, म्हणजे साधारण २५ मिलिसेकंद. गाण्यात ती कळत नाही, पण गोल फिरणारा ठेका बनवून एमपीथ्रीत पाठवला तर दर आवर्तनाला समेवर ठेच लागते. ठेके नेहमी वेव्हमध्ये पाठवा.

आणि एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करू नका. पहिल्या वेळची खरखर दुसऱ्या वेळी गाण्याचाच भाग समजली जाते, तिच्यासाठी बिट खर्ची पडतात आणि खऱ्या गाण्याला कमी उरतात. तुम्ही पाठवलेली फाइल पुढे बहुतेकदा तशीही आवळली जाते. स्ट्रीमिंग सेवा आपापल्या स्वरूपात बदलते, मग ब्लूटूथ इअरफोनकडे जाताना पुन्हा एकदा. ही नवी स्वरूपं, १९९७चं एएसी किंवा २०१२चं ओपस, कमी बिटांत जास्त काम करतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप ओपसमध्येच जातात. पण पाया तोच, कानाचं झाकण.

फेकलेलं ऐकायची सोयही आहे. अमेरिकी संगीतकार रायन मॅग्वायर यानं ‘टॉम्स डायनर’मधून एमपीथ्री बनताना गळालेला आवाज बाजूला काढला आणि त्यातून एक नवी रचना बांधली. ऐकताना भुतं कुजबुजल्यासारखी वाटतात, सुटी व्यंजनं, खोलीचा घुमारा, शब्दांची टरफलं. तुम्हीही हा खेळ ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये करू शकता. मूळ वेव्ह आणि तिची एमपीथ्री शेजारी दोन ट्रॅकवर उघडा, एमपीथ्री सरकवून मोजमापाला मोजमाप जुळवा, एक ट्रॅक उलटा करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे समान आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो तो फरक, जे गाळलं तेही आणि ढोबळ करताना जी चूक मिसळली तीही. आधी ३२०ची फाइल घ्या, मग १२८ची. तबला-टाळाच्या जागी कान लावा.

हा प्रयोग करायचा तर मूळ वेव्ह फाइल हाताशी हवी आणि नेमकी तीच अनेकांकडे नसते. गाणं झालं, एमपीथ्री पाठवली, डिस्क भरली म्हणून वेव्ह पुसली, असं गावोगावच्या छोट्या स्टुडिओंत सर्रास घडतं. भजनी मंडळांची, शाहिरांची, नाटकाच्या पार्श्वसंगीताची किती रेकॉर्डिंग आज नुसत्या १२८च्या एमपीथ्रीत उरली आहेत. तुमचं गाणं असेल तर रेकॉर्डिस्टकडून एमपीथ्रीबरोबर २४ बिटची वेव्हही मागून घ्या आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. वेव्हमधून हव्या तितक्या एमपीथ्री निघतात. एमपीथ्रीतून ती वेव्ह परत निघत नाही.